भूसंपादनाची आकृती

एका जिल्ह्याच्या भूसंपादन शाखेला आपल्या फायली नेमक्या कुठे अडतात ते एका पडद्यावर बघायचं होतं. ते काम आमच्या छोट्या कंपनीकडे आलं आणि प्रक्रियेची आकृती काढणं माझ्या वाट्याला. अशी आकृती म्हणजे चौकोन आणि बाण. प्रकरण कोणत्या अवस्थेत आहे, तिथून पुढे कुठे जाऊ शकतं, कोण नेतं, कोणत्या कागदावर, किती मुदतीत. कर्जमंजुरीच्या, विम्याच्या दाव्यांच्या आकृत्या मी बरीच वर्षं काढत आले होते. सरकार माणसाची जमीन घेतं त्याची आकृती पहिल्यांदाच काढत होते.

कायदा वाचायला घेतला तेव्हा खरं तर बरं वाटलं. ‘भूमिसंपादन, पुनर्वसन व पुनर्वसाहत करताना वाजवी भरपाई मिळण्याचा आणि पारदर्शकतेचा हक्क अधिनियम, २०१३’ हे नाव एका श्वासात म्हणून होत नाही, पण आतली मांडणी आकृतीसाठीच केल्यासारखी आहे. कलम ४ ने सामाजिक प्रभाव मूल्यांकन सुरू, म्हणजे प्रकल्पाचा लोकांवर काय परिणाम होईल याचा अभ्यास, ते सहा महिन्यांत संपवायचं. मग तज्ज्ञ गट. मग कलम ११ ची प्राथमिक अधिसूचना आणि तिच्यावर ६० दिवसांत कलम १५ च्या हरकती. कलम ११ पासून बारा महिन्यांत कलम १९ ची घोषणा, नाही झाली तर अधिसूचना व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द. कलम १९ पासून बारा महिन्यांत निवाडा, म्हणजे कोणाला किती मोबदला त्याचा आदेश, नाही झाला तर सगळी कार्यवाहीच व्यपगत. निवाड्यापासून तीन महिन्यांत मोबदला, आणि मोबदला दिल्यावरच कलम ३८ खाली ताबा. डावीकडून उजवीकडे सरळ जाणारी रेघ. १८९४ चा इंग्रजी अमलातला कायदा २०१३ पर्यंत चालला, त्याच्या तुलनेत हे फारच नीटस होतं.

शाखेने माझ्या सोबतीला एक निवृत्त अव्वल कारकून दिले होते. निवृत्तीनंतर मानधनावर परत बोलावलेले. सगळं कार्यालय त्यांना भाऊसाहेब म्हणायचं, मीही म्हणू लागले. त्यांनी आकृतीची मोठी छापील प्रत टेबलावर पसरली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “छान आहे मॅडम. आता ह्यात एक फाईल चालवून दाखवा.” आणि साठवण तलावाची एक जाडजूड फाईल पुढ्यात ठेवली.

फाईल चालेना. म्हणजे तारखा सगळ्या होत्या, मुदतीही बऱ्याचशा पाळलेल्या. ज्या पाळल्या नव्हत्या तिथे मुदतवाढीचा आदेश होता, कारण दोन्ही बारा महिन्यांच्या मुदती शासनाला कारणं नोंदवून वाढवता येतात, आणि न्यायालयाची स्थगिती असेल तर कलम १९ च्या मुदतीत तो काळ मोजतच नाहीत. थोडक्यात, कायद्यातलं घड्याळ थांबवता येतं आणि लांबवताही येतं. पण ते वेगळं. खरी गंमत अशी की फाईलचा बहुतेक वेळ गेला होता कलमांच्या मधल्या रिकाम्या जागेत, जिथे माझ्या आकृतीत नुसता एक बाण होता. मोजणीची फी भरली की नाही. भूमी अभिलेखचा भूकरमापक कधी मोकळा आहे. झाडांच्या मूल्यांकनाला कृषी विभागाचा माणूस कधी येतो, विहिरीच्या आणि घराच्या मूल्यांकनाला बांधकाम विभागाचा. नगररचना कार्यालयाकडून दर कधी येतो. ह्यातल्या कशालाच कायद्यात मुदत नाही.

आणि सगळ्यात मोठा थांबा पैशाचा. कलम १९(२) म्हणतं, संपादन संस्थेने, म्हणजे ज्या खात्याला जमीन हवी आहे त्याने, ठरलेली रक्कम जमा केल्याशिवाय घोषणा करायची नाही. तरतूद शहाणपणाची आहे. पूर्वी जमीन आधी जायची आणि मोबदल्यासाठी लोक वर्षानुवर्षं खेटे घालायचे. पण त्यामुळे ह्या शाखेच्या फायलीचा वेग मुंबईतल्या कुठल्यातरी लेखाशीर्षावर, म्हणजे अंदाजपत्रकातल्या एका नोंदीवर, ठरतो. भाऊसाहेबांचा हिशेब सोपा होता: “निधी आला की एकोणीस. नाही आला की आमची नोटीस बोर्डावर पिवळी पडते.” मग मी आकृतीच्या बाहेरून आत येणारा एक जाड बाण काढला आणि त्याला नाव दिलं ‘निधी’.

अर्थात सगळ्याच फायली कलम ४ पासून निघत नाहीत. महाराष्ट्राने २०१८ मध्ये कायद्यात स्वतःची दुरुस्ती करून कलम १०अ घातलं. त्याखाली ग्रामीण पायाभूत सुविधांसारख्या प्रकल्पांना सामाजिक प्रभाव मूल्यांकनातून सूट देता येते. राष्ट्रीय महामार्गाची तर आकृतीच निराळी, १९५६ च्या कायद्याची. कलम ३ए ची अधिसूचना, २१ दिवसांत हरकती, ३डी झालं की जमीन केंद्र सरकारकडे निहित, आणि भरपाई ठरते त्यानंतर, ३जी मध्ये. दोन आकृत्या शेजारी ठेवल्या की दिसतं, एकीत पैसे आधी आणि जमीन नंतर, दुसरीत मालकी आधी आणि पैसे नंतर. बांधाच्या अलीकडचं शेत तलावात आणि पलीकडचं महामार्गात गेलं, तर दोन भावांना दोन कायदे लागतात. भरपाईचे निकष २०१५ पासून दोन्हीकडे सारखे आहेत, निदान एवढं तरी.

आकृती मोडायला लागली ती मात्र वेगळ्याच ठिकाणी.

कोणतीही प्रक्रिया मांडताना आधी ठरवावं लागतं की ह्या चौकोनांमधून पुढे सरकतंय कोण. कर्जात अर्ज सरकतो. इथे काय सरकतं? कायद्याच्या नजरेत अधिसूचना, म्हणजे अख्खा प्रकल्प. मोजणीवाल्याच्या नजरेत गट नंबर. लेखा शाखेच्या नजरेत खातं. आणि पैसे शेवटी ज्याच्या हातात जायचे तो हिस्सेदार. तलावाच्या त्या फाईलमधला एक गट घ्या. सातबाऱ्यावर नाव वारलेल्या आजोबांचं. वारस नोंद अर्धवट. आत्यांची नावं लागली आहेत पण त्यांनी हक्कसोड केली की नाही यावर वाद. एका चुलत भावाने आपला हिस्सा साध्या स्टँपवर विकलेला, घेणारा तिथे घर बांधून राहतोय आणि कागदावर कुठेच नाही. इतर हक्कात सोसायटीच्या कर्जाचा बोजा. शेजारचा गट भोगवटादार वर्ग दोनचा, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारा, त्याचं त्रांगडं आणखी वेगळं. निवाडा झाला त्या दिवशी हा गट ‘निवाडा झाला’ ह्या चौकोनात गेला खरा, पण त्यातली माणसं आठ दिशांना पांगली. एकाने पैसे उचलले. एकाचे पैसे आधी सोसायटीकडे वळले. दोघांनी घ्यायला नकार दिला. आत्यांच्या हिश्शाची रक्कम वादामुळे प्राधिकरणात, म्हणजे मोबदल्याचे वाद ऐकणाऱ्या यंत्रणेकडे, जमा झाली. घर बांधलेला माणूस कुठेच नाही, कारण त्याला कधी नोटीसच गेली नव्हती.

म्हणून शेवटी मी तीन थरांची आकृती केली. वर प्रकल्प, मध्ये गट, खाली हिस्सेदार. वरचा थर सरळ धावतो, खालचा थर शेवरीच्या कापसासारखा उडतो. साहेबांना वरचा थर आवडला, कारण बैठकीत तोच दाखवता येतो. भाऊसाहेबांचा सगळा दिवस खालच्या थरात जायचा.

संयुक्त मोजणीला मी एकदा आवर्जून गेले. भूकरमापक, तलाठी, संपादन संस्थेचा कनिष्ठ अभियंता आणि बांधाबांधावर उभे असलेले शेतकरी. आकृतीत ह्याला एकच चौकोन आहे. प्रत्यक्षात तीन क्षेत्रफळं निघतात: सातबाऱ्यावर एक, आकारबंदात, म्हणजे भूमी अभिलेखच्या क्षेत्राच्या नोंदीत, दुसरं आणि मशीनवर तिसरं. पोटहिस्से कित्येक पिढ्या तोंडी वाटपावर चाललेले, नकाशावर त्यांची रेघच नाही. गट मोजता येतो, पण गटात कोणाचं किती गेलं ते भावाभावांत ठरवावं लागतं, आणि एकाची विहीर गेली नि दुसऱ्याचा नुसता माळ गेला की ते ठरत नाही. चारी बाजूंनी सरकारी माणसं उभी असताना भावांनी बांधावर बसून पहिल्यांदा वाटणी बोलायला घ्यावी, असं तिथे चाललं होतं. एका काकांनी मला विचारलं, “मॅडम, तुमच्या कंप्युटरात पोटखराबा बागायतीत धरतात का?” पोटखराबा म्हणजे शेतातला लागवडीला न येणारा भाग. मी तो प्रश्न वहीत लिहून घेतला, कारण दर त्याच्यावर फिरतो.

दराविषयी थोडं सविस्तर सांगते. बाहेर ‘चौपट मिळतात’ एवढंच ऐकू येतं, आणि ते चौपट कशाच्या ते कोणी सांगत नाही.

बाजारमूल्य कलम २६ ने ठरतं. रेडीरेकनरचा, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेला दर, किंवा आसपासच्या तशाच जमिनींच्या मागच्या तीन वर्षांतल्या खरेदीखतांपैकी जास्त किमतीची निम्मी खतं घेऊन काढलेली सरासरी, यांत जे जास्त असेल ते. समजा चाळीस आर जमीन गेली आणि दर हेक्टरी १० लाख निघाला. बाजारमूल्य ४ लाख. ग्रामीण भागाचा गुणांक २ धरला तर ८ लाख. विहीर आणि झाडं मिळून १ लाख, झाले ९. त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम, झाले १८. शिवाय मूळ ४ लाखांवर अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत किंवा ताब्यापर्यंत, जे आधी असेल तिथपर्यंत, वर्षाला १२ टक्के. दीड वर्ष लागलं तर ७२ हजार. एकूण १८ लाख ७२ हजार. ह्यातली प्रत्येक पायरी मी सूत्रात बसवली आणि आकडे बदलून बदलून बघितले. क्षेत्र आणि गुणांक ठरलेले धरले, तर बाकी काहीही हलवलं तरी फरक थोडा पडतो. पहिला आकडा, म्हणजे बाजारमूल्याचा दर, हलवला की सगळं हलतं.

आणि पहिला आकडा गावाने स्वतःच वर्षानुवर्षं दाबून ठेवलेला असतो. मुद्रांक शुल्क वाचवायला खरेदीखत रेडीरेकनरच्या दरात करायचं, वरचे पैसे रोख. ही रीत कोणाला नवीन नाही. वीस लाखांचा व्यवहार आठ लाखांचा दिसतो, आणि मग सरकार जमीन घ्यायला आलं की तेच आठ लाख पुरावा म्हणून पुढे येतात. उलटंही होतं. प्रकल्पाची कुणकुण लागली की रस्त्याकडेचे दोन-दोन गुंठे चढ्या भावाने नोंदवले जातात, सरासरी वर जावी म्हणून. कलम ११ नंतर व्यवहारांना बंदी आहे, पण कुणकुण कलम ११ च्या आधी येते, आणि ती कुणाला आधी येते हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. असे व्यवहार वगळायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना कायद्याने दिलेला आहे. वगळलं की वाद, धरलं की लेखापरीक्षण.

१२ टक्क्यांचं एक कोडंही आकृतीतच सापडलं. कायदा म्हणतो, हे टक्के सामाजिक प्रभाव मूल्यांकनाच्या अधिसूचनेच्या तारखेपासून. आता मूल्यांकनातूनच सूट असेल तर तारीख कोणती? माझ्या सूत्रात तिथे रिकामी जागा राहायची आणि गणित चुकीची खूण दाखवायचं. ह्या शाखेत कलम ११ ची तारीख धरत. ठीक आहे, कुठलीतरी धरायलाच हवी. पण मूल्यांकन गाळल्याने शेतकऱ्याचे काही महिन्यांचे टक्केही गळतात, हे सूट देताना कोणाच्या मनात आलं असेल असं मला वाटत नाही.

आकृती खरी आहे का हे बघायला आम्ही ती एका गावात ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये भिंतीवर लावली. लोकांनी आपापला चौकोन शोधला, तारखा सांगितल्या, दोन ठिकाणी आमच्या नोंदी दुरुस्त केल्या. एक म्हातारे आजोबा बराच वेळ काठीने बाण मोजत होते. शेवटी म्हणाले, “ताई, आन् आम्ही नाही म्हणलो तर कोणत्या डब्यात जायचं?”

तो डबा नव्हता. मी काढायचा विसरले होते असं नाही, कायद्यातच नाही. जमीन खासगी कंपनीसाठी घ्यायची असेल तर ८० टक्के बाधितांची संमती लागते, सरकारी-खासगी भागीदारीत ७० टक्के. अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे घटनेने ठरवलेल्या आदिवासी भागात, ग्रामसभेची पूर्वसंमती. पण तलाव सरकारचा आणि गाव साध्या तालुक्यातलं, म्हणजे ह्यातलं काहीच लागू नाही. कलम १५ खाली हरकत घेता येते. जमीन योग्य नाही म्हणता येतं, सार्वजनिक प्रयोजनच नाही म्हणता येतं, सुनावणी होते, अहवाल जातो आणि शासनाचा निर्णय अंतिम. हरकतीच्या चौकोनातून निघणारे दोन्ही बाण शेवटी पुढेच जातात, एक लवकर आणि एक उशिरा. तज्ज्ञ गट प्रकल्प सोडून द्या अशी शिफारस करू शकतो, तीही कारणं लिहून बाजूला सारता येते. ‘नको’ म्हणायचा निर्विवाद अधिकार एकालाच आहे. कलम ९३ खाली, ताबा घेतला नसेल तर शासन संपादनातून माघार घेऊ शकतं.

थेट खरेदीच्या वाटेवर ‘नाही’ आहे असं वाटतं. वाटाघाटीने जमीन द्या, कायद्याने जे निघतं त्याच्यावर २५ टक्के जास्त घ्या. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाची बरीचशी जमीन अशीच घेतली. सही केली नाही तर? तर सक्तीचं संपादन, आणि ते २५ टक्के गेले. माझ्या आकृतीत ही वाट वेगळ्या रंगात आहे, पण तिचा ‘असहमत’ बाण मुख्य रेघेलाच येऊन मिळतो.

आजोबांना मी हे सगळं सांगितलं. भाऊसाहेब मध्येच म्हणाले, “मुळशीत म्हणले होते की नाही.” १९२१ चा मुळशी पेट्यातला सत्याग्रह, सेनापती बापट, ‘जान किंवा जमीन’. धरण झालंच. आजोबांनी मान डोलावली आणि झाडांच्या मूल्यांकनात त्यांची चिंच का धरली नाही, ते विचारायला लागले. चिंच धरली होती, फक्त दुसऱ्या हिस्सेदाराच्या नावावर.

सगळ्यात जास्त हुज्जत मी घातली ती पावतीवरच्या दोन शब्दांसाठी. निवाड्याची रक्कम कमी वाटली तरी ती उचलता येते, फक्त ‘अंडर प्रोटेस्ट’, म्हणजे ‘हरकत राखून’, म्हणून. तसं न लिहिता घेतली तर कलम ६४ खाली वाढीव मोबदल्याचा अर्ज करायचा हक्क जातो. कलम ७७ तसं स्पष्ट म्हणतं. आणि अर्जाची मुदतही तोकडी: निवाड्याच्या वेळी हजर असाल तर सहा आठवडे. इतका मोठा फाटा, आणि आधीच्या संगणकीय नोंदीत त्याची खूणच नव्हती. ती फक्त शाईने कागदावर असायची, कधी पावतीच्या मागे, कधी हमीपत्राच्या खाली. ज्याने वकील गाठला त्याने लिहिलं, ज्याने नाही गाठला त्याने अंगठा दिला. आता पैसे वाटपाच्या पडद्यावर ही निवड केल्याशिवाय नोंद पुढे जात नाही, आणि दोन्हींचा अर्थ मराठीत चार ओळींत आधी वाचून दाखवायचा आहे. शाखेतून सूर आला की हे म्हणजे लोकांना भांडायला शिकवणं झालं. भाऊसाहेबांनी मात्र साथ दिली. त्यांचा मुद्दा निखळ कारकुनी होता: पुढे कोर्टात पावती मागतात, तेव्हा शोधायला नको.

वाढीव मोबदल्याचा आणखी एक बाण मागे फिरतो. एकाने अर्ज करून प्राधिकरणाकडून जास्त मिळवले, तर त्याच अधिसूचनेतल्या ज्यांनी अर्जच केला नव्हता त्यांनाही कलम ७३ खाली तीन महिन्यांत तो दर मागता येतो. म्हणजे ‘बंद’ म्हणून ठेवलेली फाईल शेजाऱ्याच्या निकालाने उघडते. संगणकाच्या भाषेत हे त्रासदायक असतं, कारण एका नोंदीची अवस्था दुसरीवर अवलंबून राहते. पण शेजाऱ्याचा निकाल लागलाय हे ह्याला कळवायचं कोणी? कायद्यात ते कोणावर टाकलेलं दिसत नाही, म्हणून आम्ही यंत्रणेतून आपोआप पत्र निघेल अशी सोय केली. ती मंजूर झाली, याचं मला अजून नवल वाटतं.

काम संपत आलं असताना १६ मे २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाचा कोलकाता महानगरपालिकेच्या प्रकरणातला निकाल आला. मालमत्तेचा हक्क ४४ व्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांतून गेला आणि घटनेच्या कलम ३००अ मध्ये उरला. त्या एका ओळीत सात हक्क दडलेले आहेत असं न्यायालयाने सांगितलं: नोटीस मिळण्याचा, म्हणणं ऐकलं जाण्याचा, कारणं दिलेल्या निर्णयाचा, सार्वजनिक प्रयोजन असण्याचा, वाजवी भरपाईचा, कार्यवाही कार्यक्षमतेने आणि मुदतीत होण्याचा, आणि ती शेवटाला जाण्याचा. मी ते वाचताना पेन्सिलने आकृतीवर खुणा करत गेले. पहिल्या पाचांना चौकोन होते. सहावा कलमांच्या मधल्या त्या रिकाम्या जागांना लागतो. सातव्यावर मी अडले, कारण आमच्याकडे शेवट कशाला म्हणायचं यावरच एकमत नव्हतं. संपादन संस्था म्हणते ताबा पावती झाली की संपलं. लेखा शाखा म्हणते पैसे वाटले की संपलं. पण कमी-जास्त पत्रक, म्हणजे क्षेत्रातल्या बदलाचा कागद, होऊन सातबाऱ्यावर फेरफार पडेपर्यंत तलावाखालच्या जमिनीवर शेतकऱ्याचं नाव असतं, आणि उरलेल्या तुकड्याचं क्षेत्र चुकीचं राहिल्याने पीककर्जाला अडचण येते. मी शेवटचा चौकोन तिथे, फेरफार प्रमाणित झाल्यावर ठेवला. त्या व्याख्येने जिल्ह्याच्या कितीतरी ‘निकाली’ फायली पुन्हा चालू दिसू लागल्या आणि बैठकीत थोडी शांतता पसरली.

एक घड्याळ अजून लटकलेलं आहे. कलम १०१: घेतलेली जमीन ताब्यापासून पाच वर्षं वापरली नाही, तर ती मूळ मालकाला किंवा शासनाच्या लँड बँकेत परत जाते. पाच वर्षं मोजणं सोपं आहे, ते यंत्र करतं. वापर झाला की नाही हे कोणी बघायचं आणि इशारा कोणाच्या पडद्यावर उमटवायचा, हे मात्र विचारून झालं तरी ठरत नाही. संपादन संस्था म्हणते महसूलने बघावं, महसूलवाले म्हणतात जमीन आता आमची नाही. मी तो तूर्त जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नावे लावून ठेवलाय आणि शेरा मारलाय, ‘निर्णय प्रलंबित’.